सरासरी माणसाची भूक

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिली प्रकरणं ठरलेली असतात. मीन, मीडियन, मोड. मग स्टँडर्ड डेव्हिएशन. मग नाणी, फासे आणि पत्ते. मी १९८१ साली पुण्यात एफ. वाय. ला हे सगळं शिकलो तेव्हा हे शिकण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. बेरीज करून भागाकार करायचा, यात काय मोठंसं? पत्त्यांच्या गणितांनी मात्र काहींची पंचाईत व्हायची, कारण घरी पत्ते निषिद्ध. चौकट लाल की काळी, चित्रं एकूण किती, इथपासून तयारी. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं बावन्न पत्त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती आणि तिलाच प्रोबॅबिलिटीत सगळ्यात जास्त मार्क पडले :)

या पुस्तकांत इतिहास जवळजवळ नसतो. गुप्ता-कपूरचा तो जाडजूड ठोकळा आठवतोय ना? प्रमेय, सिद्धता, उदाहरणं, मागे उत्तरं. हे कुणी आणि कशासाठी शोधलं, त्यावरून कोण कुणाशी भांडलं, याचा पत्ता नाही. ते मला नंतर, अभ्यासक्रमाशी संबंध सुटल्यावर, सुटं सुटं वाचताना कळत गेलं.

उदाहरणार्थ, ऋतुपर्णाची गोष्ट. नल-दमयंतीचं आख्यान आपण लहानपणी ऐकलेलं असतं, पण त्यातला हा तुकडा सहसा गाळला जातो. नल सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकतोय. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा नुसतं बघून सांगतो की या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नल रथ थांबवून मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं, असं विचारल्यावर राजा म्हणतो की मी फाशांची विद्या जाणतो आणि मोजणीतही निष्णात आहे. फासे आणि मोजणी, दोन्ही एका दमात! (बेहड्याच्या बियाच त्या काळी फासे म्हणून वापरत, हे आणखी एक.) इयान हॅकिंग या तत्त्वज्ञानं १९७५ साली संभाव्यतेच्या उगमावर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं त्यात ही गोष्ट आहे, आणि ती आपल्याला कुणी दाखवली तेही त्यानं नोंदवलंय : वॉटर्लू विद्यापीठातले व्ही. पी. गोडंबे. हे गोडंबे पुण्यात जन्मलेले, आणि नमुना पाहणीच्या सिद्धांतात १९५५ सालच्या एका निबंधानं मोठीच खळबळ उडवून दिलेले. नमुना कसाही निवडा, सगळ्या परिस्थितींत सर्वोत्तम ठरेल असा एकच अंदाज काढायचा मार्ग नसतो, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. ऋतुपर्णानं एखादी डहाळी बघून गुणाकार केला असेल, असं आपण समजायचं. पुराणात याहून जास्त शोधायच्या भानगडीत मी पडत नाही, नाहीतर विमानं निघतात.

असो. मला सांगायचंय ते वेगळंच. मी ज्या साली मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशनची गणितं जर्नलात उतरवत होतो, नेमक्या त्याच साली, त्याच पुण्यात, त्याच दोन गोष्टींवरून एक मोठा वाद चालू होता. आणि वाद कशाचा, तर भारतात उपाशी माणसं किती याचा. आम्हाला वर्गात त्याचा शब्दही कुणी सांगितला नाही.

वादाच्या एका बाजूला वि. म. दांडेकर. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते, आणि मूळचे संख्याशास्त्राचेच विद्यार्थी. दुसऱ्या बाजूला पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव, शिक्षण फर्ग्युसनला आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. संख्याशास्त्राचं आधुनिक रूप घडवणारे लोक तेव्हा तिथे एकाच इमारतीत होते (आणि एकमेकांशी धड बोलत नव्हते). तिथून १९३६ साली पीएच. डी. घेऊन सुखात्मे परतले. १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत. १९५१ नंतर वीसेक वर्षं रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, म्हणजे एफ. ए. ओ. मध्ये, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. निवृत्त होऊन पुण्यात आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. बी. एम. सी. सी. रस्त्यावरची गोखले संस्था आणि विज्ञानवर्धिनी यांच्यात पायी जाता येईल इतकंच अंतर आहे.

सुखात्म्यांचा वाद घालण्याचा अनुभव दांडगा होता. चाळीसच्या दशकात त्यांनी थेट महालनोबिसांशी पंगा घेतला होता. प्रश्न पिकाचा अंदाज घेण्याचा. शेतात यदृच्छया एखादी जागा निवडायची, तेवढ्या तुकड्यातलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. तुकडा किती मोठा घ्यायचा? महालनोबिसांचा कल लहान वर्तुळांकडे, कारण खर्च कमी आणि तेवढ्यात जास्त जागा होतात. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवलं की लहान तुकडे उत्पन्न फुगवून सांगतात. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांचं टिपण आलं. कारण अगदी शेतकरी बुद्धीचं आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात बहुधा आत धरण्याकडे झुकतो. आता आपणच हिशोब करून बघू. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ, आणि कड एका इंचानं बाहेर सरकली, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तीस फूट बाजूचा चौरस असेल तर तोच इंच एक टक्क्याच्या आसपास फरक करतो. नमुने कितीही वाढवले तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती सगळीकडे एकाच बाजूला झुकलेली आहे. पुस्तकात 'बायस' ही एक व्याख्या असते आणि आपण ती पाठ करतो. इथे तिचा अर्थ, देशात धान्य आहे त्यापेक्षा जास्त दिसणं, असा होता. आणि साल १९४६. बंगालचा दुष्काळ होऊन तीन वर्षं झाली होती.

तर अशा माणसाशी दांडेकरांची गाठ पडली.

दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा प्रबंध १९७१ च्या जानेवारीत इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. पद्धत साधी होती. माणसाला रोज सरासरी २२५० कॅलरी लागतात असं धरायचं. मग राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांतून बघायचं की दरमहा किती खर्च करणाऱ्या घरात माणशी एवढ्या कॅलरी प्रत्यक्षात पोटात जातात. १९६०-६१ च्या भावानं ते उत्तर आलं खेड्यात वर्षाला माणशी १८० रुपये, शहरात २७०. त्याखाली खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक. दारिद्र्यरेषा हा शब्द आज राशनच्या दुकानातसुद्धा ऐकू येतो, त्याला घट्ट आकडा मिळाला तो मुख्यतः या प्रबंधानं. आणि नुसता आकडा देऊन ते थांबले नव्हते. गावात सार्वजनिक कामं काढून मजुरी द्या, हा त्यांचा उपायही त्यात होता.

सुखात्म्यांचा आक्षेप पहिल्या प्रकरणातलाच होता. समजा शंभर धडधाकट माणसं आहेत. प्रत्येकाची गरज वेगळी, सरासरी २२५०. प्रत्येकजण अगदी पोटभर, आपल्या गरजेइतकंच खातो. तरी त्यातली साधारण निम्मी माणसं २२५० च्या खाली असणारच! सरासरी म्हणजे तेच तर असतं. मग तुम्ही २२५० वर रेघ मारलीत, तर एकही उपाशी नसलेल्या गावात पन्नास टक्के उपाशी निघतील. रेघ मारायचीच तर सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करून मारा. उदाहरणापुरतं स्टँडर्ड डेव्हिएशन ३०० धरलं तर रेघ येईल १६५० वर, आणि निरोगी माणूस त्याच्या खाली सापडण्याची शक्यता सव्वादोन-अडीच टक्के. अशा रेघेनं मोजलं की उपाशी माणसांचा आकडा खूपच खाली येतो.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बिनतोड वाटलं. अजूनही त्यातली आकडेमोड बिनतोड आहे. पण दांडेकरांच्या बाजूनंही एक उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे तेही त्याच पुस्तकातलं, फक्त चारपाच प्रकरणं पुढचं. पाहणीतला आकडा एकेका माणसाचा नसतोच. तो घराचा, आणि तक्त्यात तर एकेका खर्चगटातल्या हजारो माणसांच्या सरासरीचा. पाच जणांच्या घराची सरासरी गरज काढली तर ३०० चं स्टँडर्ड डेव्हिएशन वर्गमुळातल्या पाचानं भागून १३४ वर येतं. हजार माणसांच्या गटासाठी ते साडेनऊ उरतं. म्हणजे गटाची सरासरी गरज जवळजवळ २२५० च असणार. कमी लागणारे आणि जास्त लागणारे एकमेकांना कापून काढतात. मग असा गट सरासरी १७०० खात असेल, तर त्या गटाला एकूण कमी पडतंय यात शंका कसली? गरिबांच्या गटात नेमकी कमी भुकेचीच माणसं येऊन बसली, असं तर नाही ना? दांडेकरांनी १९८१ आणि १९८२ साली वीकलीतच लेख लिहिले. त्यांचा मुख्य रोख असा की गरिबी मोजणं आणि कुपोषण मोजणं या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या देशातलं चारचौघांसारखं घर जेवढं खातं तेवढंही ज्याला परवडत नाही तो गरीब. त्याचं शरीर त्यावर कसंबसं चालतंय की नाही, हा निराळा प्रश्न.

सुखात्म्यांची मांडणी मात्र पुढे पुढे जास्त खोल, आणि मला विचाराल तर जास्त अडचणीची, होत गेली. त्यांचं म्हणणं, माणसामाणसांत फरक असतो तसा एकाच माणसातही असतो. या आठवड्यात कमी, पुढच्या आठवड्यात जास्त. हे फरक रोजच्या रोज स्वतंत्र असते तर जास्त दिवसांची सरासरी घेतल्यावर व्हेरिअन्स दिवसांच्या संख्येनं भागल्यासारखा घटायला हवा (हे सूत्र आम्ही पहिल्याच वर्षी घोकलं होतं). पण प्रत्यक्ष नोंदींत तो तेवढा झपाट्यानं घटत नाही. म्हणजे आजचा दिवस कालच्याशी बांधलेला आहे. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की शरीर एका मर्यादेत स्वतःच जमाखर्च जुळवून घेतं. कमी खाल्लं तर काटकसरीनं वापरतं. बर्कलीच्या शेल्डन मार्जेन यांच्याबरोबरचा १९८२ सालचा त्यांचा निबंध याचाच आहे.

वाद पेटला तो इथे. आधारासाठी वापरलेल्या नोंदींत एक महत्त्वाचा भाग ब्रिटिश सैन्यात भरती झालेल्या जवानांचा होता. पोटभर मिळणारी तरुण मुलं. त्यांच्या आठवड्या-आठवड्यातल्या चढउतारावरून, वर्षानुवर्षं कमीच खाणाऱ्या मजुराचं शरीर जुळवून घेतं, असं म्हणता येईल का? टीकाकारांनी हेच विचारलं. हैदराबादच्या पोषण संस्थेत अनेक वर्षं काढलेले डॉ. सी. गोपालन या जुळवून घेण्याच्या कल्पनेच्या ठाम विरोधात होते. त्यांचा मुद्दा डॉक्टरचा होता : जुळवून घेतलं म्हणजे भागलं असं नव्हे, त्याची किंमत खुंटलेल्या उंचीत आणि कमी झालेल्या कामात चुकवलेली असते. खुंटलेली पण निरोगी माणसं, असा एक प्रकार तेव्हा डेव्हिड सेकलर नावाच्या अर्थतज्ज्ञानं मांडला होता, त्यावर गोपालन भयंकर चिडले होते.

हा भाग वाचताना मला माझी आत्या आठवते. ती माणदेशात दिलेली. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलो म्हणून ती अमेरिकेची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर दिवस काढले, असं सांगायची. तिला मी एकदा विचारलं होतं, तेवढ्यावर भागायचं का गं? ती म्हणाली, "भागायचं म्हंजे? घरी आलं की आडवं व्हायचं. बोलायला बी नको वाटायचं." काटकसर ती हीच असावी. बाई खडी फोडते, मग घरी येऊन उरलेली हालचाल बंद करते. हिशोब जुळतो. वहीत तिच्या नावापुढे 'समतोल' असं लिहिता येईल. बुध खटाव तालुक्यात येतं आणि माण त्याच्या शेजारी. सुखात्म्यांना हा मुलूख माहीत नव्हता असं अजिबात नाही, म्हणूनच त्यांच्या या निष्कर्षाशी मला जास्त झगडावं लागतं.

पण त्यांना सरकारधार्जिणं ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही, जसं काही जण करत. आकडा खाली आणून ते गप्प बसले नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की नुसतं धान्य वाटून कुपोषण जाणार नाही. पिण्याचं पाणी घाण असेल, मुलाला सारखी हगवण लागत असेल, पोटात जंत असतील, तर खाल्लेलं अंगी लागतच नाही. भोक पडलेल्या हंड्यात जास्त पाणी ओतून काय होणार? आधी पाणी आणि संडास यांचं बघा, असं ते सत्तरीच्या दशकापासून सांगत होते. तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०१३ च्या सुमारास डीन स्पिअर्स यांनी भारतातल्या मुलांच्या खुंटलेल्या उंचीचा संबंध उघड्यावरच्या शौचाशी लावला, तेव्हा हा मुद्दा नव्यानं निघाल्यासारखी चर्चा झाली. पुण्यात तो आधीच निघून गेला होता. त्या आधी, २००९ साली, अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी वीकलीतच दाखवलं होतं की भारतात खर्च वाढत असताना माणशी कॅलरी उलट कमी होत गेल्या. म्हणजे रेघेवरची कॅलरी ही काही तेवढी घट्ट वस्तू नव्हती, हे तरी दोन्ही बाजूंना मान्य करावं लागलं असतं.

पण तोवर दोघेही नव्हते. दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे १९९७ साली. त्यांच्या आकड्यांचं पुढे काय झालं? नियोजन आयोगाच्या कृतिगटानं १९७९ साली खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या, म्हणजे रेघ दांडेकर-रथ यांच्याच वळणाची राहिली. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीनं कॅलरीची दोरी सोडून दिली. २०१४ साली रंगराजन समितीनं ती परत धरली, खेड्यात २१५५ आणि शहरात २०९०. इकडे एफ. ए. ओ. जगातल्या अल्पपोषित लोकांचा जो आकडा दरवर्षी जाहीर करतं, त्याची मूळ पद्धत सुखात्म्यांची, १९६१ सालच्या निबंधातली. देशातलं एकूण अन्न, ते लोकांत कसं विभागलं गेलं असेल त्याचा अंदाज, आणि सरासरीच्या बरीच खाली मारलेली रेघ.

तोच आकडा जागतिक भूक निर्देशांकातही जातो. २०२२ साली भारताचा क्रमांक घसरल्यावर केंद्र सरकारनं आक्षेप घेतला की हे सगळं जेमतेम ३००० माणसांच्या मतचाचणीवर बेतलेलं आहे, एवढ्या मोठ्या देशाला एवढासा नमुना कसा पुरेल. निर्देशांकवाल्यांनी सांगितलं की त्यांच्या आकड्यात मतचाचणी नाहीच, तो धान्याच्या ताळेबंदावरून काढलेला आहे. त्यावेळी आमच्या नात्यातला एक मुलगा, नुकताच स्टॅटिस्टिक्स घेऊन एस. वाय. ला गेलेला, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांशी भांडत होता. नमुना नीट निवडला असेल तर देश केवढा याला फारसं महत्त्व नसतं, ३००० सुद्धा पुष्कळ होतात, खरा प्रश्न तो नीट निवडला का आणि विचारलं काय हा आहे, असं तो परोपरीनं सांगत होता. काकांचं एकच पालुपद, "एकशे चाळीस कोटींना तीन हजार?" मी मध्ये पडलो नाही. त्याला सुखात्मे-दांडेकर वादावरचे वीकलीतले लेख तेवढे शोधून पाठवले. त्याचं उत्तर आलं, "हे आम्हाला सिलॅबसमध्ये का नाही?"